न झेपलेला वेग

मित्रांनो, मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. हाताच्या पंजाएवढी लांब आणि दोन बोटं रुंद. माझ्या अंगावर लाल पत्र्याचा अंगरखा आहे, तो आता एका कोपऱ्यात सुटला आहे. कुमासी शहरात, बांतामाच्या बाजारामागच्या गल्लीत कोनादूचं दुकान आहे. त्या दुकानातल्या एका खणात, गुंडाळून ठेवलेल्या वायरींच्या शेजारी मी पडून असते. खण क्वचितच उघडतो. आज उघडा राहिला आहे, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझं काम काय, ते आधी सांगते. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर नावाचा कारागीर असतो. सगळं खरं काम तोच करतो. त्याला जे सामान हाताशी लागतं ते धरून मी शेजारी उभी असते. तो मागतो, मी देते. त्यानं तयार केलेलं परत माझ्याच हातात येतं आणि मग कायमच्या साठवणीत जातं. वीज गेली की माझ्या हातातलं सगळं सांडतं, एक अक्षरही उरत नाही. माणसं मात्र माझ्या लक्षात राहिली आहेत. ते कसं, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका दूरच्या देशात, मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा आत येऊ देत नसत. जन्मल्याबरोबर आमची परीक्षा झाली. माझ्याबरोबरच्या कित्येक पट्ट्या साध्या वेगावर थांबल्या, मी पुढे पळत राहिले. म्हणून मला हा लाल अंगरखा चढवला आणि त्यावर वेगाचा मोठा आकडा छापला. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. मग जहाजातून तेमा बंदर, तिथून मालमोटारीतून कुमासी, आणि शेवटी तिथल्या आदुम भागातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात मधली जागा. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बोट दाखवायचा.

एके दिवशी बोआदू आला. उंच, पोट थोडं सुटलेलं, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. कॅमेरा नसतानाही पट्टा गळ्यात असायचाच. बोआदू अंत्यविधींचं चित्रण करायचा. शनिवार उजाडला की काळे आणि लाल कपडे घातलेली माणसं मांडवात जमायची आणि बोआदू त्यांच्यात फिरायचा. त्याची धाकटी बहीण कोनादू दुकानात बसून त्या चित्रणाची नीट फिल्म करायची. गेलेल्या माणसाचे फोटो, गाणी, नातेवाइकांचे निरोप, सगळं जुळवून. बांतामात त्या दोघांचं नाव होतं.

त्यांचा जुना कॉम्प्युटर थकला होता. दुसरा घेतला होता, पण त्यात मेमरी अगदीच थोडी होती. भाऊ घरून निघताना कोनादूनं त्याला बजावलं होतं, हे मला नंतर कळलं.

"दादा, पट्ट्या साध्याच आण, पण दोन आण. जोडीच्या. आपल्या प्रोसेसरला ठरावीक वेगाच्या वर जाता येत नाही. मला वेग नकोय, जागा हवी आहे."

बोआदूनं मान डोलावली होती. पण दुकानात आल्यावर त्याची नजर माझ्यावर पडली.

"भाऊ, याच्यापेक्षा वेगवान अख्ख्या कुमासीत नाही," दुकानदार म्हणाला.

"आमच्या मशीनला चालेल?"

"चालेल की! खाच तीच आहे. फट्‌दिशी बसेल."

दुकानदार खोटं बोलला नाही. मी खाचेत बसणार होतेच. माझा वेग त्या प्रोसेसरला झेपेल का, हे बोआदूनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोन साध्या पट्ट्यांच्या किमतीत मी एकटी त्यांच्या घरी गेले.

कोनादूनं डबी उघडली, माझ्यावरचा आकडा वाचला आणि कपाळाला हात लावून हसत सुटली.

"दादा, अरे हे काय! ट्रोट्रो बसच्या टपावर विमान बांधून आणलंस तू!"

"विमान आहे ना पण? मग झालं तर."

"विमान टपावर असलं तरी जाणार ट्रोट्रोच्याच वेगानं. खड्डे चुकवत, थांब्याथांब्यावर माणसं घेत."

बोआदूही हसला. मला बसवलं आणि कोनादूचं म्हणणं खरं ठरलं. कॉम्प्युटर शहाणा होता. त्यानं प्रोसेसरला झेपेल तेवढाच वेग ठरवला आणि मला त्याच चालीनं चालायला लावलं. मला ते लागलं, नाही म्हणत नाही. पण काम बिनचूक व्हायचं. फक्त लांब फिल्म असली की माझी जागा अपुरी पडायची, पडदा थिजायचा, आणि कोनादू बोटांनी टेबलावर ताल धरून वाट बघत बसायची.

गोष्ट तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं. पण दुकानात गिऱ्हाइक आलं आणि पडदा थिजला, की कोनादू म्हणायची, "थांबा हं जरा, आमच्या दादाचं विमान ट्रॅफिकमध्ये अडकलंय." गिऱ्हाइक हसायचं. बोआदू कॅमेऱ्याची काच पुसत राहायचा. पहिल्यांदा तोही हसला. नंतर हसेनासा झाला. कोनादूच्या ते लक्षात आलं नाही. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिची बोलायची रीतच तशी होती.

एक दिवस ती बाजारात गेलेली असताना बोआदू त्याच्या मित्राला, फोसूला घेऊन आला. फोसू मोबाइल दुरुस्त करायचा, आणि जगातली कुठलीही वस्तू त्याच्याकडे थोडी जास्त पळायची, असा त्याचा लौकिक होता.

"हिचा वेग बांधून ठेवलाय रे मशीननं," फोसू पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "सोडायचा का?"

"काही बिघडणार नाही ना?"

"फार तर चालू होणार नाही. मग परत बांधू."

"सोड. आणि तिला सांगू नकोस. आपोआप कळू दे."

मित्रांनो, त्या दिवशी माझा बांध सुटला. कारखान्यातल्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच मी पूर्ण वेगानं पळाले. मशीन चालू झालं. बोआदूनं टाळी वाजवली. कोनादू संध्याकाळी म्हणाली, "आज बरं चाललंय की हे," आणि बोआदू नुसता मिशीत हसला.

पण त्या प्रोसेसरची घडण साध्या चालीसाठी झाली होती. मी भराभर पुढे करायची, तो भराभर घ्यायचा, आणि त्या घाईत एखादा दाणा निसटायचा. लाखांतला एखादा. काम चालू दिसायचं. कधी कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा, कधी एखादा फोटो अर्धा हिरवा व्हायचा. कोनादू विजेच्या कंपनीला शिव्या द्यायची. वीज रोज येत-जात होती, त्यामुळे तिच्यावर खापर फोडणं सोपं होतं.

त्याच सुमारास कोनादूनं नवा दिवा आणला. त्याचा उजेड कसा पडतो ते बघायला तिनं बोआदूला स्टुलावर बसवलं.

"मी नाही हं. मी कॅमेऱ्याच्या मागचा माणूस."

"बस रे गपचूप. तुझ्या टकलावर दिवा चमकतो का, तेवढंच बघायचंय."

"मग काय बोलू?"

"काहीही बोल. आईसाठी बोल."

त्यांच्या आईला, मामे न्सियाला, दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. वडीलधाऱ्या बाईला इथे मामे म्हणतात. बोआदू थोडा वेळ लाजला आणि मग बोलायला लागला. बराच वेळ बोलला, पण इतक्या हळू आवाजात की पेटीत बसलेल्या मला ते ऐकू आलं नाही. कोनादू दिवा इकडून तिकडे सरकवत होती, काचेतून बघत होती, त्याच्या गालावरची सावली कमी करत होती. नंतर ते चित्रण कॉम्प्युटरवर उतरवलं. ते माझ्याच हातून गेलं, पूर्ण वेगानं. कोनादूनं सुरुवात लावून पाहिली. बोआदू पडद्यावर दिसला, घसा खाकरला. "छान आलंय," ती म्हणाली. शनिवारच्या कामाला कॅमेऱ्याचं कार्ड लागणार होतं, म्हणून तिनं ते पुसून भावाच्या हातात दिलं.

त्या शनिवारी नाही, पुढच्याच महिन्यात बोआदू ऑफिन्सोला एका मांडवात चित्रण करताना खाली बसला. लोक म्हणाले, ऊन लागलं असेल. तोही तेच म्हणाला. त्याचा रक्तदाब वाढलेला होता आणि गोळ्या घरी कपाटात पडून होत्या. इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी तो गेला.

दुकान बंद राहिलं. आठव्या दिवशी घरची मोठी माणसं जमली. इथल्या रीतीप्रमाणे अंत्यविधीची तारीख दीड महिन्यानंतरची ठरली. तोवर बोआदूला इस्पितळाच्या शीतगृहात ठेवायचं होतं. सगळ्यांच्या शेवटी थोरले मामा म्हणाले, "ज्यानं आपल्या सगळ्यांच्या माणसांची फिल्म केली, त्याची फिल्म व्हायलाच हवी. कोनादू, ते तुझं काम." हे तिनं दुकान उघडल्यावर फोसूला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

आई रोज तिला विचारत होती. "तू त्याला स्टुलावर बसवलं होतंस ना? ते लाव. मला दिसायचं नाही, पण मी ऐकेन."

कोनादूनं ते चित्रण उघडलं. बोआदू दिसला. घसा खाकरला. म्हणाला, "आई, मी बोआदू बोलतोय," आणि त्याचा चेहरा चौकोन-चौकोन होऊन फुटला. हिरवा, जांभळा, मग काळा. आवाजाची जागा करकरीनं घेतली. मग काहीच नाही. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा. फोसूकडून आणलेल्या हरतऱ्हेच्या उपायांनी लावून पाहिलं. त्या काही शब्दांपुढे बोआदू गेला नाही. मूळ कार्डावर त्यानंतर कितीतरी माणसांचे अंत्यविधी लिहून झाले होते.

मग कोनादूनं कॉम्प्युटरला माझी तपासणी करायला लावली. पडदा लाल ओळींनी भरून गेला. सगळ्या चुका माझ्या नावावर होत्या. तिनं माझा वेग बघितला आणि फोसूला हाक मारली.

"हे कुणी केलं?"

फोसूचा चेहरा उतरला. "मी. पण बोआदूनंच सांगितलं होतं. म्हणाला, बहिणीला दाखवायचंय."

"काय दाखवायचं होतं?"

"की त्यानं चुकीची वस्तू आणली नव्हती." फोसू म्हणाला. "कोनादू, माझ्यामुळे हे..."

"तुला त्यानं सांगितलं म्हणून तू केलंस," ती म्हणाली. "आणि मी त्याला चारचौघांत टोचत राहिले, म्हणून त्यानं सांगितलं. कुणाला धरायचं आता?"

तिनं माझा वेग पुन्हा प्रोसेसरच्या चालीवर आणला आणि तपासणी परत लावली. या वेळी एकही लाल ओळ आली नाही. मी धड होते, प्रोसेसरही धड होता. जुळणीच चुकली होती. पण हे कळल्यानं ते चित्रण परत येणार नव्हतं.

आईला तिनं काही सांगितलं नाही. "काम बाकी आहे अजून," एवढंच म्हणायची. फिल्मसाठी घरात शोधाशोध केली. बोआदूचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. बहुतेक फोटो त्यानंच काढले होते, मग त्यात तो असणार कसा?

अशात एका सकाळी मामे दुफी दुकानात आल्या. बाजारात कापडाचा गाळा चालवणाऱ्या, भारदस्त बाई. त्या सांत्वनाला आल्या होत्या. पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "पोरी, माझी बहीण गेली तेव्हाचं तुला एक सांगते. शवपेटी उचलली आणि माझे पाय गेले. मी मातीतच बसले. सगळे कॅमेरेवाले अशा वेळी जवळ येतात, अश्रू टिपायला. तुझ्या भावानं कॅमेरा खाली केला. माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि बोलत राहिला. काय बोलला, ते आता नीट आठवत नाही. पण त्याच्या बोलण्यानं मी उठले. तो आवाज तुझ्या मशीनमध्ये असेल ना गं?"

बोआदूच्या चित्रणात मध्येच कितीतरी वेळ नुसती जमीन दिसायची. लाल माती, चपला, काळ्या कापडाचा काठ. ते तुकडे ती आवाज बंद करूनच कापून टाकायची. पण कच्चं चित्रण तिनं कधी फेकलं नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरवर उतरवलेल्या सगळ्या डिस्क फळीवरच्या खोक्यात होत्या, आणि जुना कॉम्प्युटर थकलेला असला तरी बिनचूक होता.

तिनं पहिली डिस्क जोडली. जमीन आली. तिनं आवाज मोठा केला.

"रडा, मामे, रडा," मातीवरून बोआदू म्हणाला. "मी काही काढत नाहीये. माझा कॅमेरापण बसलाय बघा तुमच्यासारखाच."

मामे दुफींनी तोंडात कापडाचा बोळा धरला. कोनादूनं तो तुकडा पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला.

त्यानंतर ती रोज डिस्क लावायची आणि जमीन शोधायची. प्रत्येक अंत्यविधीत बोआदू कुठे ना कुठे सापडायचा. चित्रात नाही, चित्राच्या मागे. कुणा म्हाताऱ्याला म्हणायचा, "नाना, उन्हातून उठा, मी सावली धरतो." कुणाला, "दादा, कपडा सुटलाय, मी वळतो तोवर नेसा." कधी एकटाच असताना गुणगुणायचा. कधी कोनादूचं नाव घेऊन कुणाला सांगायचा, "माझी बहीण आहे ना, ती तुमच्या आईला इतकं सुंदर दाखवेल की तुम्हीच ओळखणार नाही." ते ऐकल्यावर कोनादू बाहेर जाऊन पायरीवर बसली. बराच वेळ आत आली नाही.

इतके तुकडे एकत्र मांडायला माझी जागा पुरेना. तेव्हा तिनं आदुमला जाऊन स्वतः एक साधी पट्टी आणली, प्रोसेसरच्या चालीला जुळेल अशी. ती माझ्याशेजारच्या खाचेत बसली. आम्ही दोघी एकाच वेगानं चालायला लागलो. पडदा थिजायचा थांबला. वीज जायची, आम्ही सगळं विसरायचो. वीज आली की कोनादू पुन्हा पहिल्यापासून आमच्या हातात द्यायची, आणि ठरावीक वेळानं जपून साठवायची. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मी त्या दिवसांत केलं, आणि ते माझ्या पूर्ण वेगाच्या कितीतरी खाली राहून केलं.

अंत्यविधीच्या दिवशी मी मांडवात होते. कोनादूनं अख्खा कॉम्प्युटरच तिकडे नेला होता. माणसं मावत नव्हती. ज्यांच्या घरी बोआदू कधी ना कधी कॅमेरा घेऊन गेला होता, ते सगळे आले होते. पुढच्या रांगेत मामे न्सिया, लाल कापड गुंडाळून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी पोटभर अन्न घेतलं नव्हतं. बायका फुफूचा वाडगा घेऊन यायच्या आणि तसाच परत न्यायच्या.

पडद्यावर माती दिसली. लोक कुजबुजले. मग बोआदूचा आवाज मांडवभर पसरला आणि कुजबुज थांबली. एकेक जण स्वतःच्या घरचा अंत्यविधी ओळखत होता. "हा आमच्याकडचा," कुणी तरी हळूच म्हणालं. "ही मीच, मीच आहे ही."

मध्येच एका तुकड्यात बोआदू कुणा अनोळखी म्हातारीला विचारत होता. चित्रात तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"आई, जेवलीस का गं?"

"नाही रे बाळा," पुढच्या रांगेतून मामे न्सिया मोठ्यानं म्हणाल्या. "नाही जेवले."

फिल्ममध्ये बोआदू म्हणत होता, "मग आधी जेव. मी थांबतो." मामे न्सियांनी हात पुढे केला आणि रिकामा तसाच धरून ठेवला. कुणी तरी धावत जाऊन वाडगा आणला. त्यांनी चाचपून पहिला घास घेतला आणि घास तोंडात असतानाच त्या रडायला लागल्या, गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदा.

सगळं आटोपल्यावर, खुर्च्या उचलणं चाललं असताना, त्यांनी कोनादूला जवळ बसवलं.

"हे स्टुलावरचं नव्हतं."

"नाही, आई."

"ते कुठं आहे?"

"ते गेलं. खराब झालं. मी तुला सांगितलं नाही."

मामे न्सिया म्हणाल्या, "बरं. तू तर समोर होतीस ना? तूच सांग. काय म्हणाला तो?"

कोनादूनं आईचा हात हातात घेतला.

"मला आठवत नाही, आई. मी दिव्याकडे बघत होते."

मित्रांनो, तो जे बोलला त्यातला शब्दन् शब्द एकदा माझ्या हातातून गेला होता. मला तो सांगता आला असता तर मी खाचेत रुतणारे माझे सगळे सोनेरी दात झिजवून सांगितला असता. पण ते चित्रण उतरवलं त्याच संध्याकाळी वीज गेली होती.

पुढे काही वर्षांनी कोनादूनं नवा कॉम्प्युटर घेतला. त्याची खाच वेगळ्या घडणीची आहे, त्यात मी बसत नाही. मला तिनं फेकलं नाही, विकलंही नाही. अंगरख्यावरची धूळ पुसली आणि खणात ठेवलं. नवा कॉम्प्युटर घेताना तिनं आधी प्रोसेसरची माहिती वाचली, मग त्याला झेपतील अशाच दोन पट्ट्या मागितल्या. दुकानदारानं मोठा आकडा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "तो राहू द्या." फोसू आता गिऱ्हाइकांना तेच सांगतो. वस्तूचा वेग वाढवून द्यायचं त्यानं सोडून दिलं आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. कामासाठी कॉम्प्युटर घ्याल तेव्हा माझ्यासारखीच्या अंगावरच्या आकड्याला भुलू नका. आधी प्रोसेसरला काय झेपतं ते बघा आणि जोडी जुळवा. कुणाला जबरदस्तीनं पळवू नका. मूळ पुसण्याआधी नक्कल शेवटपर्यंत लावून पाहा. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि घरातलं कुणी तुमच्यासमोर स्टुलावर बसून बोलत असेल, तर उजेड थोडा वाकडा पडला तरी पडू द्या. तुम्ही ऐका.